वाचकांचे प्रश्न : सिस्टर बसलेल्या दिसतात, म्हणजे माणसं जास्त आहेत का?

प्रश्न : आमच्या ३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डात सकाळच्या ७ तासांच्या पाळीला ४ सिस्टर असतात. प्रशासन म्हणतं, बाराला येऊन पाहिलं तर दोघी बसलेल्या असतात, एक कमी करा. आम्ही म्हणतो, एक वाढवून द्या. वर्क सॅम्पलिंगने (अधूनमधून पाहून कोणत्या कामात किती वेळ जातो ते काढण्याने) याचा निकाल लागतो का? — इन्चार्ज सिस्टर, सांगली जिल्हा

उत्तर : लागतो, पण नीट केलं तरच. बाराला येऊन पाहणं हेही सॅम्पलिंगच, फक्त एकाच वेळेचं, म्हणून फसवं. लँकशायरच्या (इंग्लंड) कापडगिरण्यांसाठी टिपेट या संख्याशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात ही पद्धत काढली. मागांपाशी घड्याळ लावून बसायचं नाही. अवचित फेरी मारायची आणि त्या क्षणी किती माग चालू, किती बंद, एवढंच टिपायचं. पुरेशा फेऱ्या झाल्या की नोंदींची टक्केवारी म्हणजेच वेळेची टक्केवारी.

आधी रकाने ठरवा. पाच पुरेत : रुग्णाजवळचं काम (इंजेक्शन, सलाईन, बीपी, ड्रेसिंग), रुग्णासाठीचं पण खाटेपासून दूरचं (औषधं काढणं, केसपेपर, ओव्हर म्हणजे पाळीचा चार्ज देणं-घेणं), सिस्टरचं नसलेलं (औषधांसाठी खाली जाणं, व्हीलचेअर शोधणं), खोळंबा किंवा रिकामा वेळ, आणि वैयक्तिक. बसली की उभी, हा रकाना नाहीच. बसून केसपेपर लिहिणारी दुसऱ्या रकान्यात जाते. आणि ट्रॉलीपाशी हातात व्हायल धरून, नातेवाईक सिरिंज आणेपर्यंत ताटकळणारी चौथ्या. अशा अडचणीच्या वीसेक प्रसंगांची यादी करून रकाना आधीच लिहून ठेवा, नाहीतर दोन निरीक्षक दोन उत्तरं आणतील. सिस्टर दिसलीच नाही तर ‘रिकामी’ लिहू नका. एक्स-रेला रुग्ण घेऊन गेली असेल. चौकशी करून नोंदवा. पत्ता न लागलेल्या नोंदी शंभरात पाचाच्या वर गेल्या तर त्या पाहणीवर मी तरी विसंबणार नाही.

किती नोंदी? अपेक्षित टक्का × (१०० − तो टक्का) × ४, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. एखादं काम ३० टक्के असेल आणि ३ टक्के इकडेतिकडे चालत असेल तर ८४०० ÷ ९, म्हणजे सुमारे ९३३. चूक दीड टक्क्यावर आणायची तर नोंदी चौपट लागतात. तो हट्ट नको. रोज १२ फेऱ्या, ४ सिस्टर, २१ दिवस : १००८ नोंदी. हेच एका आठवड्यात रोज ३६ फेऱ्या मारून उरकू नका. एका फेरीतल्या चौघी एकाच धावपळीत असतात, त्या चार नोंदी पुरत्या स्वतंत्र नसतात. शिवाय युनिटचा ॲडमिशनचा दिवस आणि रविवार यांत जमीन-अस्मानाचा फरक. दिवस वाढवलेले बरे.

फेरीच्या वेळा चिठ्ठ्या टाकून काढा, किंवा एक्सेलमध्ये ० ते ४१९ मधले यादृच्छिक मिनिट काढा. दर तासाच्या ठोक्याला गेलात तर दहाच्या औषधांची वेळ रोज सापडेल आणि पावणेअकराची कधीच नाही.

आता हिशेब, आकडे समजण्यापुरते धरलेले. समजा पाच रकाने ३५, ३०, १५, १०, १० टक्के निघाले. (३५ म्हणजे खरं तर ३२ ते ३८.) पहिल्या तिन्हींची बेरीज ८० टक्के. २८ सिस्टर-तासांपैकी काम २२.४ तास. पाळीतला १२ टक्के वेळ चहापाणी आणि दमछाकीसाठी सोडला तर २२.४ ÷ ०.८८ = २५.५ तास, म्हणजे ३.६ सिस्टर. म्हणजे चौघींतली एकही जास्त नाही. सिस्टरचं नसलेलं काम मावशी-मामांकडे गेलं तर ही गरज २.९५ वर येते, पण आधी ती माणसं द्या, मग सिस्टर हलवा.

ही ‘रोज हजर’ची संख्या झाली. ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि ३५ रजा-सण धरले तर एक जण वर्षात २७८ दिवस येते. ३६५ ÷ २७८ = १.३१. म्हणून ३.६ ला पदं लागतात ४.७, अर्थात पाच. बहुतेक वाद रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवरच्या सिस्टरच्या जागी येणारी, न धरल्यामुळे होतात.

दोन सावधगिरी. रोजची रुग्णसंख्या लिहून ठेवा. सरासरी ३२ असेल तर २२.४ तास म्हणजे दर रुग्णामागे ४२ मिनिटं. रुग्ण ४० झाले की ढोबळमानाने साडेचार सिस्टर लागतात. दुसरी जास्त महत्त्वाची : सॅम्पलिंग केलेलं काम मोजतं, राहून गेलेलं नाही. हात कमी असले की कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता आधी सुटते आणि टक्केवारीत त्याचा मागमूस उरत नाही. म्हणून त्याच २१ दिवसांत सुटलेल्या कामांची यादी वेगळी ठेवा. रात्रपाळीची पाहणीही स्वतंत्र.

प्रश्न : निरीक्षक दिसला की सगळ्या उठून कामाला लागतात. काय करावं? — मेट्रन, नाशिक

उत्तर : पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी बाद धरा, तोवर नवलाई ओसरते. कागदावर नावं नकोत, ‘सिस्टर १, २’ सुद्धा नको, फक्त रकान्यात रेघा. वॉर्डात पाऊल टाकताच पहिल्या नजरेला जे दिसेल तेच लिहायचं, उठल्यानंतरचं नाही. आणि पाहणी कशासाठी, हे आधीच सांगा. लपूनछपून केलेली पाहणी युनियनपुढे टिकत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत कॅशियर २० टक्के वेळ रिकामा निघाला. दुसरं काम द्यावं का? — व्यवस्थापक, कराड

उत्तर : काउंटरचं काम द्यायचं असेल तर देऊ नका. ग्राहक ठरवून येत नाहीत. एकच काउंटर, येण्याला आणि कामाला लागणाऱ्या वेळेला धरबंध नाही, असं धरलं तर कॅशियर ८० टक्के गुंतलेला असताना सरासरी ३ जण रांगेत उभे असतात, ९० टक्क्यांना ८ आणि ९५ ला १८. मध्येच सोडून देता येईल असं काम, म्हणजे व्हाउचर लावणं, नोटांची बंडलं बांधणं, खुशाल द्या. तत्पूर्वी तो २० टक्के कुठल्या तासांत येतो ते पाहा. सगळा तीननंतर येत असेल तर अकरा ते एक दुसरी खिडकी उघडावी लागेल.