बेसमेंटमध्ये पाणी भरलंय, व्हॅक्युम लावू का?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. काल रात्रीच्या पावसात लाइट गेली, संप पंप (तळघराच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) बंद पडला आणि सकाळी बघतो तर बेसमेंटभर २ इंच पाणी. जागा साधारण ६०० स्क्वेअर फूट, अर्ध्यात कार्पेट. गणपतीचं मखर, मुलांचे जुने कपडे, सगळी खोकी खालीच. आता लाइट आलीये आणि शेजाऱ्यांनी त्यांचा १२ गॅलनचा वेट व्हॅक (पाणीही ओढणारा व्हॅक्युम) दिलाय. सुरू करू का? सासूबाई म्हणतायत बादल्यांनी उपसा.

उत्तर : आधी कोणीही खाली उतरू नका, मखरासाठीसुद्धा नाही. लाइट आलीये म्हणताय, मग पाण्यात बुडालेल्या एखाद्या एक्स्टेन्शन बोर्डात किंवा फ्रीजमध्ये करंट असू शकतो आणि तो दिसत नाही. मेन पॅनल वर कोरड्यात असेल तर बेसमेंटचे ब्रेकर पाडा. पॅनल खालीच असेल आणि तिथे पोचायला पाण्यात पाय टाकावा लागत असेल तर हात लावू नका, वीज कंपनीला फोन करून बाहेरूनच सप्लाय बंद करून घ्या. आणि पाऊस अजून चालू असेल तर थांबा. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस आला तेव्हा न्यूयॉर्क शहरात १३ जण गेले, त्यातले ११ बेसमेंटमधल्या घरांत, इतकं भराभर पाणी चढलं. गॅसवरचा वॉटर हीटर भिजला असेल तर तो स्वतः पेटवायचा नाही, माणूस बोलवायचा.

आता व्हॅक. हिशोब करून बघा, ६०० स्क्वेअर फुटात २ इंच म्हणजे जवळजवळ ७५० गॅलन, २८०० लिटरच्या वर. १२ गॅलनची टाकी काठोकाठ भरली असं धरलं तरी साठेक फेऱ्या, आणि भरलेली टाकी म्हणजे नुसतं पाणीच ४५ किलो, ती कोण जिना चढवणार? पाठ जाईल हो. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात बुडणारा छोटा पंप भाड्याने आणा, गार्डन होज लावा आणि पाणी घरापासून लांब, उताराच्या बाजूला सोडा, भिंतीलगत सोडलंत तर तेच फिरून आत येतं. पंप पाव-अर्धा इंच पाणी ठेवतोच, ते व्हॅकचं काम.

व्हॅक उघडून आधी कागदी फिल्टर आणि धुळीची पिशवी काढा, फोमचा फिल्टर चढवा. हे विसरलात तर कागदाचा लगदा होतो. वायर वरच्या मजल्यावरच्या, टेस्ट-रिसेटची बटणं असलेल्या सॉकेटमधून घ्या, जोड पाण्यात लोळू देऊ नका. पायात गमबूट. खोलगट कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि दुसऱ्या कोणाला तरी वायपरने पाणी तुमच्याकडे ढकलायला सांगा, काम खूप पटकन होतं. टाकी भरत आली की आतला फ्लोट वर जाऊन ओढ बंद करतो, मोटरचा आवाज एकदम चिरका होतो, तेव्हा लगेच बंद करा. पण तिथपर्यंत थांबूच नका, अर्धी झाली की रिकामी करा. संप पंप परत चालू झाला असेल तर टाकी सरळ संपच्या खड्ड्यात ओता, जिना वाचतो! बऱ्याच व्हॅकला खाली ड्रेनचं झाकण असतं, तेही बघून ठेवा.

कार्पेटवर नळी हळूहळू ओढा, घाई केली तर वरचंच पाणी येतं. खालचं स्पंजसारखं पॅडिंग मात्र वाचत नाही, कापून फेका, जीव तुटला तरी फेका. बुरशी २४ ते ४८ तासांत धरते म्हणून पाणी काढलं की लगेच पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) लावा, बाहेर दमट असेल तर खिडक्या बंदच बऱ्या. फेकाफेकीआधी सगळ्याचे फोटो काढा. साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर येत नाही आणि संप बंद पडून आलेलं पाणी सहसा वेगळं कव्हर घेतलं असेल तरच मिळतं, तुमची पॉलिसी आजच काढून वाचा.

पाण्याला ड्रेनेजचा वास येत असेल तर यातलं काहीच घरी करू नका, सफाईवाल्या कंपनीलाच बोलवा. आणि सासूबाईंना सांगा, वरच्या टेबलावर मखराचे भाग पसरून पुसायचं काम त्यांचं, ते खरंच लवकर वाळायला हवेत.

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी साचलं, लिफ्टच्या खड्ड्यातही गेलं. कार धुवायचा व्हॅक्युम चालेल का?

उत्तर : पार्किंगला नाही पुरणार, साचलेलं पाणी उपसणारा डीवॉटरिंग पंपच लागेल. लिफ्ट वरच्या मजल्यावर ठेवा, मग तिचा मेन स्विच बंद करा आणि खड्ड्यात वॉचमनकाकांना उतरवू नका, कितीही साधं वाटलं तरी. ते लिफ्टच्या टेक्निशियनचं काम आहे, आणि त्याने तपासल्याशिवाय लिफ्ट सुरू करायची नाही.