पहिल्या कामाचा आकडा कसा सांगावा?

प्रश्न : मी 24 वर्षांचा असून कोथरूडला राहतो. लहानपणापासून हार्मोनियम शिकलो आणि महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी बसवलेल्या दोन एकांकिकांना संगीत दिले. घरी संगणक, कीबोर्ड आणि एक बऱ्यापैकी माइक आहे. नुकतेच एका ओळखीच्या दिग्दर्शकाने 25 मिनिटांच्या माहितीपटाचे पार्श्वसंगीत करण्याविषयी विचारले आणि ‘तुझे काय ते सांग’ असे म्हणून आकडा माझ्यावर सोपवला. मित्र म्हणतात, पाच हजार सांग, म्हणजे काम हातचे जाणार नाही. जास्त सांगितले तर काम जाईल आणि कमी सांगितले तर तोच भाव कायमचा चिकटेल, अशी भीती वाटते. मी काय सांगावे?

उत्तर : कलावंताला द्यायच्या पैशांना आपण मानधन म्हणतो, पूर्वी बिदागी म्हणत असत. हे दोन्ही शब्द देणाऱ्याच्या बाजूने घडलेले आहेत. बिदागी म्हणजे निरोप देताना कलावंताच्या हाती ठेवायची रक्कम, आणि मानधनात धनाच्या आधी मान येतो. या शब्दांविषयी मला आदर आहे. परंतु किती द्यायचे ते देणाऱ्याने ठरवावे आणि घेणाऱ्याने संकोचाने खिशात घालावे, ही सवयही त्यांच्याबरोबरच आपल्याकडे रुजली. तुम्ही ठरवायचा आहे तो कामाचा मोबदला, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

आधी स्वतःच्या एका तासाची किंमत काढा. समजा, तुमचा महिन्याचा वैयक्तिक खर्च 30,000 रुपये आहे आणि वाद्ये, सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट यांसाठी आणखी 6,000 रुपये लागतात. महिन्याचे सगळे तास विकले जात नाहीत, कारण रियाज, नव्या कामाचा शोध, फोन आणि भेटीगाठी यांतच निम्मा वेळ जातो. प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे 80 तास धरले, तर तासाला 450 रुपये पडतात. आता हे काम तासांत मोजा. 25 मिनिटांच्या माहितीपटात सलग संगीत नसते, नसावेही. दिग्दर्शकासोबत बसून कोठे संगीत सुरू होईल आणि कोठे थांबेल याच्या खुणा केल्या, तर ते 11 मिनिटांच्या आसपास निघेल असे मानू. नवख्या संगीतकाराला एका मिनिटाच्या नीटनेटक्या संगीतासाठी चार तास धरणे वाजवी आहे. म्हणजे 44 तास, बैठकांचे 6 आणि दुरुस्त्यांचे 10, असे एकूण 60 तास झाले, आणि रक्कम 27,000 रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत मात्र हीच ठेवा. पाच हजार रुपये घेतले असते, तर तासाला 85 रुपयेही पडले नसते, हे मित्रांना अवश्य सांगा.

या रकमेत बासरीवादक, तबलजी किंवा स्टुडिओचे भाडे धरू नका. सुरुवातीच्या काळात मी एका माहितीपटाचे काम ठोक रकमेत घेतले होते. अर्ध्यावर आल्यावर दिग्दर्शकाला खरी सारंगी हवीशी वाटली, आणि मागणी रास्तच होती, कारण कीबोर्डवरची सारंगी त्या दृश्यात पोकळ वाटत होती. परंतु वादकाची बिदागी आणि स्टुडिओचे भाडे माझ्या खिशातून गेले आणि महिनाभराच्या कामानंतर हाती जवळपास काहीच उरले नाही. दोष माझा होता; वादकांचा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च प्रत्यक्ष होईल तसा निर्मात्याने वेगळा द्यावा, हे एक वाक्य मी लिहून घेतले नव्हते.

दुरुस्त्यांविषयीही असेच लिहून घ्यावे लागते. दोन फेऱ्या रकमेत धराव्यात आणि तिसरीपासून तासाप्रमाणे आकारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चित्रपटाचे संकलन पक्के होण्याआधी, म्हणजे पिक्चर लॉक होण्याआधी, अंतिम संगीत करायला बसू नका. संकलकाने एका दृश्यातील चार सेकंद कापले की तुमची सम निसटते, आणि तो तुकडा नव्याने बांधावा लागतो. संकलनाच्या वेळी दिग्दर्शकाने एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावलेले असेल आणि ‘अगदी असेच हवे’ असे तो म्हणाला, तर त्यातील लय आणि भाव यांच्याविषयी बोला, चाल मात्र उचलू नका.

आता नवोदित ज्याचा विचारच करत नाहीत, त्या हक्कांकडे वळू. तुम्ही रचलेल्या संगीतावरील कॉपीराइट आयुष्यभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा असेल तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची मानतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता. म्हणूनच अनुभवी निर्माते ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असे शब्द घालतात. तसे हक्क द्यायला हरकत नाही, पण ती अधिक मोलाची गोष्ट आहे आणि तिचा दर वेगळा असायला हवा. 27,000 रुपयांत या एका माहितीपटापुरती परवानगी द्या. हेच संगीत पुढे जाहिरातीत वापरायचे असल्यास पुन्हा बोलणी होतील, असे नमूद करा. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटातील संगीत चित्रपटगृहात चित्रपटासोबत दाखवण्याखेरीज अन्य कोणत्याही प्रकारे वापरले गेल्यास मिळणाऱ्या रॉयल्टीतील समान वाट्याचा संगीतकाराचा हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणालाही देता येत नाही. तसे लिहून घेतले तरी ते कलम निरर्थक ठरते. गीतकार-संगीतकारांची ही रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 पासून मुंबईत आहे. चार-सहा रचना प्रसिद्ध झाल्या की तिच्या सदस्यत्वाची चौकशी करा.

कराचे थोडक्यात सांगतो. निर्माती कंपनी असेल तर व्यावसायिक शुल्कातून 10 टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना हिशेबात येतात. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत तुम्हाला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही.

दिग्दर्शकाकडे खरोखरच पैसे नसतील, तर दर उतरवू नका, काम उतरवा. पाच मिनिटांचे संगीत, त्याच बैठका आणि दुरुस्त्यांची एकच फेरी असे धरले, तर साधारण 31 तास होतात आणि रक्कम 14,000 रुपयांच्या आत बसते. माहितीपटाला कमी संगीत पुष्कळदा मानवतेही. एखादा विषय तुमच्या मनाला इतका भिडला की फुकट करावेसे वाटले, तर जरूर करा, मीही केले आहे. तरीसुद्धा बिल 27,000 चेच लिहा आणि त्याखाली पूर्ण सवलत दाखवा. पुढच्या वेळी त्याच माणसाला मूळ दर ठाऊक असेल.

एकांकिकांचा हिशेब निराळा आहे. तेथे पोरे वर्गणी काढून प्रयोग उभा करतात, तुम्हीही त्यांतलेच होता, आणि तालमींचे तास मोजायला गेलात तर कोणालाच परवडणार नाही. तेथे प्रयोगागणिक ठरावीक रक्कम आणि वादकांचा खर्च घ्यावा.

दिग्दर्शकाला मात्र तोंडी आकडा सांगू नका. आधी माहितीपटाचे संकलन पाहायला मागा, मग दोन दिवसांनी एका पानाचे पत्र पाठवा. त्यात संगीताची मिनिटे, रक्कम, वेगळे धरलेले खर्च, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, हक्कांची मर्यादा आणि काम सुरू करताना निम्मी रक्कम आगाऊ, एवढे असू द्या. उरलेली रक्कम अंतिम फाइली देण्याच्या दिवशी घ्यावी. तोपर्यंत ऐकण्यासाठी हलक्या दर्जाची प्रत पाठवत राहावी.