सॅम्पल नंतर, आधी व्हिजिबिलिटी बघ

अरे, एक्स-रे ग्रेटिंग इंटरफेरोमीटरमध्ये (बारीक रेघांच्या जाळ्या, म्हणजे ग्रेटिंग, वापरून एक्स-रेच्या फेजमधला बदल टिपणारी मांडणी) सॅम्पल ठेवायची एवढी घाई करू नकोस. आधी रिकाम्या बीममध्येच फेज स्टेपिंग (एक ग्रेटिंग थोडी थोडी सरकवत दर वेळी इमेज घेणं) करून बघ, किमान ३ स्टेप्स लागतात पण मी म्हणेन सुरुवातीला ८ तरी घे, म्हणजे साइन कर्व्ह नीट बसतोय का ते डोळ्यांनाच दिसतं. व्हिजिबिलिटी, म्हणजे फ्रिंजच्या (उजेड-अंधाराच्या पट्ट्यांच्या) कॉन्ट्रास्टचं माप, पडली ना की फेज आणि डार्क-फील्ड (सॅम्पलमधलं सूक्ष्म विखुरण दाखवणारी) दोन्ही इमेज नॉइजमध्ये बुडतात, अ‍ॅब्सॉर्प्शनवाली मात्र छान दिसत राहते आणि आपण तिथेच फसतो, माझेच कित्येक स्कॅन असे वाया गेलेत. आणि तापमान सांभाळ. ग्रेटिंगचा पिरियड काही मायक्रॉनचाच असतो, खोली जरा तापली की फ्रिंज सरकतात, म्हणून रेफरन्स स्कॅन (सॅम्पलशिवायचा) प्रत्येक सॅम्पलच्या आधी आणि नंतर घेच. साधी एक्स-रे ट्यूब असेल तर सोर्स ग्रेटिंगही (ट्यूबजवळ बसवलेली, मोठ्या सोर्सचे अरुंद पट्टे करणारी) हवीच.