घरट्यावरचा कॅमेरा आणि धाकटं पिल्लू

प्रश्न : ताई, मी रोज एका गरुडाच्या घरट्याचा लाइव्ह कॅमेरा बघते. दोन पिल्लं आहेत, जेमतेम आठवड्याची. थोरलं धाकट्याला सारखं टोचतं, आई मासा आणते पण थोरलंच पुढे होऊन खातं आणि धाकटं मान खाली घालून पडून राहतं. काल तर मला झोपच लागली नाही. एवढे लोक बघतायत, कॅमेरावाले पण बघतायत, मग कोणी वर चढून त्या बिचाऱ्याला भरवत का नाही?

उत्तर : तुमचा जीव तुटतोय ते कळतंय, मी स्वतः असे कितीतरी दिवस स्क्रीनला चिकटून काढलेत. आधी एक बघा, धाकट्याच्या गळ्याखाली छातीच्या वर फुगवटा दिसतोय का. ती त्याची अन्नाची पिशवी, खाल्लेलं आधी तिथे साठतं. दिवसातून एकदा जरी ती टम्म दिसली तर त्याला मिळतंय, फक्त त्या वेळी तुम्ही बघत नव्हतात. बऱ्याचदा असंच होतं, थोरलं पोटभर खाऊन सुस्तावतं आणि मग आई धाकट्याला भरवते.

टोचाटोचीचं कारण असं की गरुडाची मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच ते उबवायला लागते, बाकीच्या अंड्यांसाठी थांबत नाही, त्यामुळे पिल्लंही मागेपुढे बाहेर येतात आणि त्या वयात दोन दिवसांचा फरक म्हणजे खूपच मोठा, एक पिल्लू दुसऱ्याच्या दीडपट दिसतं. बहिरी ससाणा उबवायला जरा उशिरा, बहुतेक अंडी घालून झाल्यावर बसतो, म्हणून त्याची पिल्लं साधारण एकसारखी वाढतात आणि तिथे भांडणं कमी. गरुडाकडेही घरट्यात मासे भरपूर येत असले तर काही आठवड्यांत मारामारी विरते. अन्न कमी पडलं तर मात्र धाकटं जाऊ शकतं, हे तुमच्यापासून लपवणार नाही.

आता वर चढण्याचं. माणूस झाडावर चढला की आईबाप उडून जातात, आणि पहिले दोनेक आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, म्हणजे एकाला वाचवायला गेलो आणि दोघंही गारठली. पिल्लं मोठी असतील तर घाबरून पंख तयार व्हायच्या आधीच खाली उडी मारतात. शिवाय अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला 1940 पासून कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय त्यांना त्रास देता येत नाही. माणसामुळे आलेलं संकट असेल, म्हणजे मासेमारीचा दोरा पायात गुंतला वगैरे, तर परवानगी काढून जाणकार लोक जातात आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

न्यूझीलंडच्या टायारोआ हेडला रॉयल अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या घरट्यावर कॅमेरा आहे, तिथलं वेगळं आहे. तिथले रेंजर पिल्लाचं नियमित वजन करतात, कमी भरलं तर जादा खाणं भरवतात सुद्धा. पण अल्बाट्रॉसची जोडी एका वेळी एकच अंडं घालते, पिल्लू वाढायला आठेक महिने लागतात आणि ते नीट वाढलं की पुढचं वर्ष जोडी सुट्टी घेते, म्हणजे तिथे एकेक पिल्लू मोलाचं, आणि जमिनीवरच्या घरट्यातला तो पक्षी माणसाला बघून उडून पण जात नाही. गरुडाला तोच नियम लावता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरची जॅकी आणि शॅडो ही गरुडांची जोडी तुम्ही बघितली असेल. 2023 मध्ये त्यांची अंडी फुटली नाहीत, 2024 मध्ये तीन घातली तीही नाहीत, मुदत उलटून गेली तरी जॅकी बसूनच होती. 2025 च्या मार्चमध्ये तीन पिल्लं आली, त्यातलं एक बर्फाच्या वादळात गेलं आणि उरलेली दोन जूनमध्ये उडाली. ते वादळ मी रात्रभर बघितलं होतं, रडले पण. कॅमेरा बंद करावासा वाटला तर खुशाल करा, दोन दिवसांनी परत या, पण धाकट्याच्या गळ्याखालची ती पिशवी बघायला विसरू नका.

प्रश्न : रात्री पण सगळं स्पष्ट दिसतं, त्या लाइटचा पक्ष्यांना त्रास होत नाही का?

उत्तर : नाही. तो इन्फ्रारेड प्रकाश असतो, त्यांना तो दिसत नाही, त्यांच्यासाठी तिथे काळोखच असतो. म्हणून तर रात्रीचं चित्र काळंपांढरं येतं. आणि कॅमेरे बसवतात ते सीझनच्या आधी, घरटं रिकामं असताना.

प्रश्न : अंडं फुटताना एकदा तरी बघायचंय, दर वेळी हुकतं. आधी कसं ओळखायचं?

उत्तर : तारखेवर लक्ष ठेवा, गरुडाची अंडी साधारण 35 ते 38 दिवसांत फुटतात. पण खरी खूण आईच्या वागण्यात असते. इतके दिवस शांत बसलेली ती सारखी उठायला लागते, मान वाकडी करून पोटाखाली बघते, परत बसली तरी जरा उंचावून बसते. मग अंड्यावर बारीकसं भोक दिसेल. पिल्लाच्या चोचीवर एक छोटा कठीण उंचवटा असतो, त्याने ते आतून कवच फोडतं आणि हे काम एका दिवसाहून जास्त चालू शकतं, तेव्हा भोक दिसलं म्हणून सगळं सोडून बसू नका, मध्ये जेवून झोपून घ्या. पण आवाज चालू ठेवा, कारण कवचाच्या आतूनच पिल्लू चिवचिवायला लागतं आणि वारा नसेल तर माइकवर ते ऐकू येतं.