लॉन ट्रॅक्टर नवा घेतलाय? आधी एवढं सांभाळा

बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र घेतलंत, अभिनंदन! सुरुवातीला इंजिन उघडायची गरज नाही. बहुतेक बिघाड तेल, पेट्रोल आणि पात्यांकडे दुर्लक्ष केल्यानेच होतात.

तेल दर वेळी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर आणि थंड इंजिनात तपासा. नव्या इंजिनाचं पहिलं तेल पुस्तिकेत दिलेल्या तासांना बदला, पुढे साधारण दर ५० तासांनी. खुणेच्या वर भरू नका. जादा तेलाने धूर येतो, एअर फिल्टर भिजतो.

पेट्रोल महिन्याभरात शिळं होऊ लागतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो. हंगाम संपताना ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं द्रव्य) घालून इंजिन दहा मिनिटं चालवा. वसंतात गाडी सुरू न होण्याचं शिळं पेट्रोल हेच नेहमीचं कारण.

पात्यांना हात लावण्याआधी चावी काढा आणि स्पार्क प्लगची वायर सोडवा. हे कधीही टाळू नका. गवताची टोकं फाटलेली, पांढुरकी दिसली की धार गेली समजा. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवा. एक बाजू झुकली तर तीच थोडी घासा. असंतुलित पात्याच्या थरथरीने स्पिंडलचे (पातं फिरवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग जातात.

नवशिक्यांच्या हमखास चुका:
- कापणी तिरकी आली की डेक (पात्यांवरचं झाकण) खालीवर करत बसणं. आधी टायरमधली हवा मोजा!
- गरम इंजिनावर पाण्याचा फवारा मारणं.
- स्टार्टर फिरत नाही म्हणून लगेच नवा आणणं. बॅटरीचे टर्मिनल घासा, व्होल्टेज बघा (पूर्ण चार्ज म्हणजे सुमारे १२.६), ब्रेक पूर्ण दाबलाय आणि पाती बंद आहेत ना, ते पाहा.

कार्बोरेटर, व्हॉल्व्हची फट वगैरे पुढच्या हंगामात बघू.