मियाटा घेतली, आता क्लबमध्ये जावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न सावकाश वाचला. सॅन होजेत येऊन तीन वर्षं झाली, २०१६ ची मियाटा (माझ्दाची उघड्या छपराची छोटी स्पोर्ट्स कार) सेकंडहँड घेतलीत, ऑफिसमधल्या एकाने स्पोर्ट्स कार क्लबचं सुचवलं. क्लबची मंडळी रविवारी डोंगरात फिरतात आणि अधूनमधून ट्रॅकवरही जातात, हे ऐकून तुम्हाला जावंसं वाटतंय. वहिनींना मात्र धास्ती आहे, की हे लोक रस्त्यावर शर्यती लावत असणार. त्यात नऊ वर्षांची मुलगी, दोन सीटची गाडी, आणि तिथे सगळे पोर्शवालेच असतील ही शंका. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या अशाच एका क्लबात मी चौदा वर्षं आहे आणि माझी गाडीही मियाटाच, २००१ ची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वहिनींच्या धास्तीबद्दल, कारण ती रास्त आहे. सुरुवातीला मी एका वेगळ्याच गटाबरोबर जात असे. तिथे नोंदणी नाही, सूचना नाहीत. पेट्रोल पंपावर जमायचं आणि निघायचं. पुढचे दोघं-तिघं सुसाट सुटायचे आणि बाकीचे त्यांना गाठायला धडपडायचे. एका मार्च महिन्यात, आदल्या रात्रीच्या पावसाने डोंगरातली बारीक खडी रस्त्यावर आली होती. माझ्या पुढे एक पंचविशीतला मुलगा होता. उजव्या वळणावर त्याच्या गाडीची मागची बाजू घसरली, गाडी समोरच्या लेनमधून आडवी फिरत गेली आणि पलीकडच्या दरडीवर आपटली. त्या क्षणी समोरून कुणी येत नव्हतं, एवढ्यावरच तो वाचला. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसला. मुठीत किल्ली घट्ट धरलेली, ती काही केल्या सोडेना. पुढे गेलेले लोक वीस मिनिटांनी परतले, कारण मागे कुणी नाही हे कळायलाच त्यांना तेवढा वेळ लागला. त्या दिवसापासून तो गट मी सोडला.

चांगले क्लब हा धडा सत्तर वर्षांपूर्वीच शिकलेत. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. मॉन्टेरेजवळ पेबल बीचला १९५० पासून स्पोर्ट्स गाड्यांची शर्यत व्हायची, तीही पाइनच्या जंगलातल्या साध्या रस्त्यांवर. १९५६ च्या एप्रिलमध्ये अर्नी मॅकाफी या चालकाची फेरारी झाडावर आदळली आणि तो गेला. तिथली शर्यत कायमची थांबली. पण लोकांनी शर्यतीचा नाद सोडला नाही, तिची जागा बदलली. फोर्ट ऑर्ड या लष्करी तळाच्या जमिनीवर बंदिस्त ट्रॅक बांधला आणि १९५७ च्या नोव्हेंबरात लगुना सेकाला पहिली शर्यत झाली. न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेनला जवळपास हेच घडलं. १९४८ ला गावातल्या रस्त्यांवर शर्यत सुरू झाली, १९५२ ला बघायला आलेला एक लहान मुलगा दगावला, मग शर्यत आधी गावाबाहेर आणि पुढे बंदिस्त ट्रॅकवर गेली. म्हणून क्लब निवडताना मी एकच गोष्ट बघते: रस्ता आणि शर्यत हे लोक वेगळे ठेवतात का? ठेवत असतील तर बिनधास्त जा. नसतील तर तिथली माणसं कितीही गोड असोत, जाऊ नका.

हे ओळखायचं कसं? निघण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत कळतं. आमच्याकडे सगळ्यांना गोल उभं करून सूचना देतात. पुढची गाडी वाट दाखवणारी, शेवटची सगळ्यांना सांभाळून आणणारी. एका गटात आठ-दहाच गाड्या. आपापसात ओव्हरटेक नाही, आणि रस्त्याच्या मधली दुहेरी पिवळी रेघ ओलांडली तर पुढच्या वेळी बोलावणं नाही. सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की तुमच्या मागच्या गाडीची जबाबदारी तुमची. फाट्यावर वळायच्या आधी थांबायचं आणि आरशात मागची गाडी दिसली की मगच वळायचं. या एका नियमामुळे कुणालाच पुढच्याला गाठायची घाई राहत नाही, कारण तो तुमच्यासाठी थांबलेलाच असतो. शिवाय दोन लेनच्या रस्त्यावर आपण सावकाश जात असू आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या, तर जागा मिळताच बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी लागते, हा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. आम्ही तर दोन साचल्या तरी बाजूला होतो.

माझा सगळ्यांत लाडका रस्ता माउंट हॅमिल्टनचा. सॅन होजेतून वर लिक वेधशाळेपर्यंत, जवळपास १,२८० मीटर उंचीवर. १८७६ साली वेधशाळेसाठी हा रस्ता बांधला तेव्हा सामान घोडागाड्यांनी न्यायचं होतं, म्हणून चढ मुद्दाम हलका ठेवला. त्याची भरपाई वळणांनी केली आहे, ती शेकड्यांनी आहेत. मी वाईची, पसरणी घाट अंगवळणी पडलेला. तरी पहिल्यांदा इथे आले तेव्हा खाली उतरून बराच वेळ नुसती उभी राहिले होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे वडिलांनी मला पसरणीत शिकवलं. दोन गाड्या मावत नाहीत अशा अरुंद डोंगरी रस्त्यावर इथला कायदाही तेच सांगतो. वेधशाळेमागून रस्ता सॅन अँटोनिओ व्हॅलीत उतरतो आणि माइन्स रोडने लिव्हरमोरला जातो. मधल्या पट्ट्यात मैलोन् मैल पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. म्हणून टाकी भरून निघायचं आणि प्रत्येक गाडीत वॉकी-टॉकी ठेवायचा. "समोरून दोन सायकली", "वळणावर खडी", "गाय रस्त्यावर" एवढंच त्यावर बोलायचं. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर डोंगर हिरवेगार आणि कुरणात रानफुलं. छप्पर उघडून गेलं की ओल्या गवताचा वास थेट गाडीत येतो.

सोप्या सहलीही असतात. हायवे १ ने हाफ मून बे, पेस्काडेरोला जेवण, मग ८४ ने ला होंडावरून वर स्कायलाइनला. माझी आई ६८ वर्षांची असताना वाईहून आली होती, तिला या सहलीला नेलं. डोक्याला स्कार्फ बांधून, मांडीवर डबा घेऊन बसली होती. पेस्काडेरोत क्लबमधल्या आजींनी तिला ओलालीबेरी नावाच्या फळाचा ‘पाय’ हा गोड पदार्थ खिलवला आणि आईने त्यांना डब्यातली खोबऱ्याची वडी दिली. दोघींची भाषा वेगळी, पण अर्धा तास गप्पा चालल्या होत्या.

आता ट्रॅकची गोष्ट. तुम्ही विचारलंय, की थेट लगुना सेकाला नाव नोंदवू का? माझं स्पष्ट मत: आत्ता नको. आधी निदान तीन-चार ऑटोक्रॉस करा.

ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या मोकळ्या फरसबंद जागेवर नारिंगी कोन मांडून केलेला रस्ता. इथे सेंट्रल व्हॅलीत क्रोज लँडिंगला नौदलाची जुनी धावपट्टी आहे, तिथे होतात. एका वेळी एकच गाडी घड्याळाशी झुंजते, सोबत दुसरी गाडी नाही. एक फेरी मिनिटभराची, दिवसाला चार-सहा फेऱ्या. बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच, त्यामुळे वेग हायवेपेक्षा जास्त नसतो. चुकलात तर प्लास्टिकचा कोन पडतो आणि वेळेत २ सेकंदांची भर पडते. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती जमिनीवर चौकोन आखलेला असतो. कोन हलला तरी उभा असेल आणि चौकोनाला टेकलेला असेल, तर दंड नाही. हे कळण्यासाठी कुणीतरी तिथे उभं असावं लागतं, आणि ते आपणच असतो. अर्धा दिवस गाडी चालवायची, अर्धा दिवस उन्हात लाल झेंडा घेऊन उभं राहायचं आणि पडलेले कोन धावत जाऊन जागेवर ठेवायचे. हे काम मनापासून करा. एकाच वळणावर चाळीस गाड्या कशा येतात ते तासभर बघितलं, की कोण उशिरा ब्रेक दाबतो आणि कोण लवकर दाबूनही पुढे निघतो, ते डोळ्यांनाच कळायला लागतं.

माझ्या पहिल्या दिवशी पहिल्याच फेरीत पाच कोन पडले. शेजारी प्रशिक्षक म्हणून एक निवृत्त मेकॅनिक काका बसले होते. म्हणाले, "तू कोनाकडे बघतेस म्हणून कोनावर जातेस. पुढच्या फटीकडे बघ." तिसऱ्या फेरीत मी मान वळवून पुढचं वळण शोधायला लागले आणि हात आपोआप तिकडे जाऊ लागले. पाचव्या फेरीला वेळ सहा सेकंदांनी कमी झाली होती. गाडीत एक नटसुद्धा बदलला नव्हता. म्हणून माझा आग्रह, की पहिल्या वर्षी एक्झॉस्ट, सस्पेन्शन, चकचकीत चाकं यांवर पैसे घालू नका. चांगले टायर घ्या आणि शिकवणारं माणूस शेजारी बसवा.

त्यानंतर ट्रॅक. सुरुवातीला थंडरहिल बरा. विलोजजवळ आहे, मोठा ट्रॅक जवळपास ३ मैलांचा, १५ वळणांचा. बाजूला मोकळं रान भरपूर, त्यामुळे गाडी बाहेर गेली तर सहसा धूळच उडते. लगुना सेका २.२३८ मैलांचा, ११ वळणांचा, आणि त्यातलं कॉर्कस्क्रू म्हणजे काळजाचा ठोका चुकवणारी जागा. चढ चढून तुम्ही माथ्यावर येता आणि पुढचा रस्ता दिसतच नाही. समोरच्या झाडावर नजर ठेवून गाडी टाकायची, मग ती जवळपास १८ मीटर खाली उतरते. तिथे नजर पुढे ठेवायची सवय आधीच लागलेली असावी.

शिकाऊ गटात ट्रॅकवरही शर्यत नसते. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, आणि तेही पुढच्याने खिडकीतून हात काढून बाजू दाखवली तरच. झेंड्यांचे अर्थ पाठ करून जा. दर कोपऱ्यावर झेंडा घेऊन उभी असलेली माणसं बहुधा स्वयंसेवक असतात. दिवस संपताना त्यांना हात करून जायची पद्धत आहे, ती पाळा.

गाडीच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक सांगते. जुलै महिना, थंडरहिलला चाळीसच्या वर तापमान. चौथ्या सत्रात सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला तर पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर जेमतेम दाब आला. हात वर करून सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागेत आले. पॅड नवे होते, पण ब्रेक फ्लुइड दोन वर्षांचं. हे द्रव हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ताजं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्याची हमी १५५ पर्यंतच. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय चाकाऐवजी बुडबुडेच दाबतो. रस्त्यावर चौदा वर्षांत हे कधी जाणवलं नाही, ट्रॅकवर एका तासात समजलं. ट्रॅकआधी फ्लुइड बदला, आणि पिटमध्ये आल्यावर गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा.

तुमची उंची सहा फूट लिहिलीय, म्हणून आणखी एक. उघड्या छपराच्या गाडीला ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) लागतो, आणि झाडूच्या दांड्याची चाचणी होते. रोल बारच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत दांडा धरतात, तुमचं हेल्मेट त्याखाली राहायला हवं. तुमच्या मॉडेलमध्ये उंच माणसांची इथे अडचण होते, सीट खाली घ्यावी लागते. बार विकत घेण्याआधी बसून बघा. हेल्मेट मोटारशर्यतीसाठीच्या एसए मानांकनाचं घ्या. मोटारसायकलचं एम मानांकन ऑटोक्रॉसला चालतं, ट्रॅकला सहसा नाही, कारण त्याचं अस्तर आगीला टिकणारं नसतं. आणि विम्याची पॉलिसी नीट वाचा, ट्रॅकवरचं नुकसान बहुतेकांत वगळलेलं असतं. एका दिवसापुरता वेगळा विमा मिळतो.

खरी शर्यत, म्हणजे आत लोखंडी पिंजरा बसवलेली गाडी, शर्यतीचं लायसन्स आणि दाराला दार घासत चाललेली झुंज, हा वेगळा संसार आहे. स्पेक मियाटा नावाचा वर्ग खास तुमच्या-माझ्या गाडीच्या भावंडांचा. दोन-तीन वर्षांनी तशी इच्छा झाली तर तेव्हा बोलू.

पोर्शवाल्यांचं म्हणाल, तर असतात. पण ऑटोक्रॉसला गाड्यांचे वर्ग पाडलेले असतात आणि वर्गावर्गांत तुलना करायला गुणांक असतो, त्यामुळे महागड्या गाडीला फुकटचा मान मिळत नाही. आमच्यात परिचारिका आहेत, शाळेतले शिक्षक आहेत. ऑटोक्रॉसचा दिवस साधारण ५० ते १०० डॉलरमध्ये होतो, ट्रॅकचा दिवस दोनशेपासून चारशे आणि लगुना सेकाला त्याहून वर. डोंगरातल्या सहलीला पेट्रोल आणि जेवण, एवढाच खर्च. वडील आजारी होते म्हणून मी दोन महिने वाईला होते, तेव्हा दर पंधरवड्याला घरी येऊन माझी गाडी चालू करून ठेवणारे तेच मेकॅनिक काका होते. मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

आता घरच्यांचं. पहिल्या सहलीला तुम्ही आणि वहिनी दोघंच या, मुलीला मैत्रिणीकडे ठेवून. सकाळच्या सूचना वहिनींना स्वतः ऐकू द्या आणि न पटल्यास तिथूनच परत जा, कुणी काही म्हणणार नाही. पुढच्या खेपेला मुलीला आणा. तिची सीट पूर्ण मागे सरकवा, वळणांच्या आधी पोटभर खायला देऊ नका, आणि वॉकी-टॉकी तिच्या हातात द्या. आमच्याकडे सायकलींची वर्दी बहुधा मुलंच देतात.