निळ्या अंड्यांचा वाण राखायचा तर आधी कोंबडा पारखा

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून उत्तरही लांबलंय. तुम्ही लिहिलंत की मागच्या वसंतात फीड स्टोअरमधून ‘अमेरिकाना’ अशी पाटी लावलेल्या टबातली पिल्लं आणली, त्यातल्या काही हिरवट अंडी देतात, एक फिकट गुलाबी देते, आणि निळं अंडं एकही नाही. आता तुम्हाला निळी आणि गडद चॉकलेटी, अशी दोन्ही अंडी देणाऱ्या अस्सल जाती घरी वाढवायच्यात. जागा कमी, म्हणून एकच मारान्स (गडद चॉकलेटी अंड्यांची जात) कोंबडा सगळ्यांत सोडला तर चालेल का, असं विचारलंत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खायच्या अंड्यांसाठी खुशाल सोडा, वाण राखायचा असेल तर अजिबात नको. का, ते खाली येतंच.

तुमच्या कोंबड्यांत दोष काही नाही. त्या ‘ईस्टर एगर’ आहेत, म्हणजे निळ्या अंड्याचं जनुक कुठून तरी आलेल्या मिश्र कोंबड्या. पाटीवरच्या नावाशी साम्य असलं तरी अमेरॉकाना ही वेगळी, ठरलेल्या लक्षणांची जात आहे. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला १९८४ साली मान्यता दिली. दाढी आणि गालांवर पिसांचे झुपके, वाटाणा तुरा (बुटका, डोक्याला चिकटलेला), दगडी पाटीसारख्या करड्या रंगाचे पाय, आणि निळं अंडं. शिवाय पिसांचा रंगही ठरलेल्या रंगांपैकीच हवा. अरौकाना त्याहून निराळी: अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे तिला शेपूट नसते आणि कानाजवळ पिसांचे तुरे असतात. हे कानतुरे देणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं, बहुतेक वेळा उबवणीच्या शेवटच्या दिवसांत. म्हणजे दोन्हीकडे कानतुरे असलेली जोडी लावली की सरासरी चौथा हिस्सा पिल्लं गेलीच म्हणून समजा. नवशिक्याने अरौकानाच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यात मेलेलं बघणं मनाला फार लागतं.

या निळ्या अंड्यांचं मूळ दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांत. साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश प्राध्यापकांनी १९२१ साली हेगच्या जागतिक पोल्ट्री परिषदेत त्यांची माहिती दिली आणि युरोप-अमेरिकेत कुतूहल वाढलं. पुढे केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ साली दाखवून दिलं की निळा रंग एकाच प्रभावी जनुकामुळे येतो. ते जनुक मुळात एका विषाणूची खूण आहे, हे २०१३ साली कळलं. फार पूर्वी कधीतरी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरून बसला आणि अंड्याचं कवच बनतं त्या पिशवीत एरवी बंद असणारं एक जनुक चालू झालं. चीनमधल्या डोंगशियांगसारख्या कोंबड्यांतही हेच झालं, पण चिलीतल्या कोंबड्यांशी संबंध न येता, स्वतंत्रपणे. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

आता रंग कसा चढतो ते हातात घेऊन बघा. तुमच्याकडचं एक हिरवट अंडं फोडा, टरफल धुवा आणि आतला पातळ पापुद्रा नखाने सोलून काढा. आतली बाजू निळसर दिसेल. निळा रंग, बिलिव्हर्डिन, कवचात आरपार मुरलेला असतो. मग दुकानातलं तपकिरी अंडं तसंच सोलून बघा, आत जवळजवळ पांढरं. तपकिरी रंग अंडं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो. मारान्सचं नुकतंच घातलेलं, अजून ओलसर असलेलं अंडं अंगठ्याने पुसलंत तर रंग अंगठ्याला लागतो आणि अंड्यावर फिकट पट्टा उठतो. म्हणून हिरवं अंडं म्हणजे निळ्या कवचावर तपकिरी थर, आणि ऑलिव्ह म्हणजे त्यावर तोच थर जाड. तुमच्या गुलाबी अंडंवालीकडे निळं जनुक आलेलंच नाही.

सगळी मेख इथे आहे. निळ्याला एक जनुक पुरतं, असलं तर असलं, नसलं तर नसलं. तपकिरी रंग मात्र बऱ्याच जनुकांच्या मेळातून येतो. एकदा मारान्सचं रक्त निळ्या वाणात शिरलं, की ते तपकिरी तुकडे पिढ्यान्‌पिढ्या निघता निघत नाहीत. उलट बाजूनेही तेच: मारान्सचा गडदपणा एका संकराने उतरतो आणि परत आणायला वर्षं जातात. म्हणून एकच कोंबडा नको.

आणि त्यातही कोंबडा. अंडी बघून कोंबडी निवडणं सोपं, रोज पुरावा हातात येतो. कोंबडा अंडं घालत नाही, पण लेकींच्या अंड्याचा अर्धा रंग त्याच्याकडून येतो. लोक सुंदर पिसं आणि रुबाब बघून कोंबडा ठेवतात आणि दोन पिढ्यांनी पांढरट किंवा मेंदी रंगाची अंडी आली की माद्यांना दोष देतात. समजा, कोंबड्याकडे निळं जनुक एकाच बाजूचं (फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून आलेलं, म्हणजे एकेरी) आहे आणि तुमच्या माद्यांकडे दोन्ही बाजूंचं, म्हणजे दुहेरी. पहिल्या पिढीत सगळ्या लेकी निळीच अंडी देतील, तुम्ही खूश. पण त्यातल्या निम्म्या एकेरी. त्याच कळपातला एकेरी नर या एकेरी लेकींवर गेला की त्यांच्या पिल्लांत चौथा हिस्सा निळ्याविना. चूक झाली पहिल्या वर्षी, दिसली तिसऱ्या वर्षी.

यावर दोन उपाय. जुना उपाय म्हणजे परीक्षा-जोडी. कोंबडा पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्नवर सोडायचा, लेकी वाढवायच्या आणि त्या अंड्यावर येईपर्यंत थांबायचं. एक जरी लेक पांढरं अंडं देणारी निघाली तरी कोंबडा एकेरी. तो एकेरी असूनही पाचही लेकींनी निळं देण्याची शक्यता ३२ पैकी १, आठही लेकींनी देण्याची २५६ पैकी १. यात सहा-सात महिने सहज जातात. दुसरा उपाय नवा: पिसांच्या मुळावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून निळ्या जनुकाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आता अमेरिकेत आहेत. कोंबडा दुहेरी आहे की एकेरी ते थेट कळतं. मी म्हणेन, पैसे कुठे खर्च करायचे तर इथे करा, शोभेच्या खुराड्यावर नको. मात्र ही तपासणी लपलेलं तपकिरी दाखवत नाही. त्यासाठी कोंबड्याच्या आईचं आणि सख्ख्या बहिणींचं अंडं बघायचंच. विकणाऱ्याकडे त्या अंड्यांचा फोटो मागा, दिवसाच्या उजेडात, शेजारी एक पांढरं अंडं ठेवून काढलेला. जो द्यायला काचकूच करतो त्याच्याकडून घेऊ नका.

तुऱ्याची एक खूण वाचनात येते, तिच्याबद्दल थोडं सांगतो, कारण ती अर्धवट सांगितली जाते. वाटाणा तुऱ्याचं जनुक आणि निळ्या अंड्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी जवळजवळ आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा जोडीनेच खाली उतरतात. अमेरॉकाना आणि मारान्सच्या संकरित कोंबडीला परत मारान्सशी जोडलं, तर वाटाणा तुऱ्याची पिल्लं जवळजवळ नक्की निळं जनुक घेऊन येतात. उभ्या, एकेरी तुऱ्याची बहुधा नाहीत. हे पिल्लू लहान असतानाच दिसतं, चोचीच्या वर बोट फिरवून कळतं. पण क्रीम लेगबारला एकेरी तुरा असतो आणि तरी ती निळं अंडं देते, तिच्या संकरात ही खूण चालत नाही. आणि शुद्ध अमेरॉकानात सगळ्यांनाच वाटाणा तुरा असतो, तिथे ती काहीच सांगत नाही. कानाच्या पाळीचा रंग बघून अंड्याचा रंग ओळखता येतो, हेही धरून चालू नका. स्पेनमधल्या कातालोनियाची पेनेदेसेंका पांढऱ्या पाळीची आहे आणि गडद तपकिरी अंडी घालते.

क्रीम लेगबारचं नाव निघालंच आहे तर, तुमच्या शहरात कोंबडा पाळायला बंदी असेल किंवा सोसायटीचे नियम कडक असतील तर तीच जात बघा. पनेट आणि मायकेल पीझ यांनी केंब्रिजला घडवलेली ही जात जन्मतःच नर-मादी ओळखू येईल अशी आहे. मादीच्या पाठीवर खारीसारखे ठळक गडद पट्टे असतात, नर फिकट आणि डोक्यावर पांढुरका ठिपका. नको असलेले नर पहिल्याच दिवशी वेगळे काढता येतात. बाकी जातींत आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते आणि तोवर शेजाऱ्याची तक्रार आलेली असते.

मारान्सबद्दल. ही फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याकडची, ला रोशेलजवळच्या मारान्स गावची. फ्रेंच मानकाप्रमाणे पायांवर थोडी पिसं, ब्रिटिश मारान्सचे पाय साफ. अंड्याच्या रंगाला १ ते ९ अशी पट्टी आहे आणि ४ च्या खालचं अंडं मारान्सचं मानत नाहीत. पट्टी हातात आली की लोक पहिल्याच अंड्याला लावतात आणि हरखून जातात. तलंग (तरुण कोंबडी) पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हाचा रंग सर्वांत गडद असतो, पुढे हंगामभर तो उतरत जातो आणि पिसं झडून कोंबडी पुन्हा घालायला लागली की परत चढतो. म्हणून निवड करायची ती दोन-तीन महिने सलग घातल्यानंतरच्या अंड्यांवर, आणि सगळ्या तलंगांची तुलना त्याच टप्प्यावर. घाबरलेली किंवा आजारी कोंबडीही फिकं अंडं देते, ब्राँकायटिस होऊन गेल्यावर तर विशेष. खाद्य बदलून रंग गडद होतो असं सांगणारे बरेच भेटतील. झेंडूच्या पाकळ्या घातल्या तर बलक केशरी होईल, टरफल नाही.

घरी दोन्ही जाती ठेवायच्या तर प्रजननाच्या काळात दोन वेगळी आवारं लागतात. वर्षभर नाही. उरलेले महिने कोंबड्या एकत्र फिरू द्या, फक्त कोंबडे बाजूला. पण लक्षात ठेवा, कोंबडा दूर केल्यावरही त्याचं वीर्य कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं. आवार वेगळं केल्यापासून चार आठवडे अंडी खा, मग उबवायला गोळा करा. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या पुरतात, त्याहून कमी असतील तर त्यांच्या पाठीची पिसं जातात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने कोंबडीची खूण लिहा, पिल्लांच्या पायात रंगीत कडी घाला आणि ती वाढीबरोबर बदला, नाहीतर पाय कापतो. या नोंदींची वही नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

भारतातून फोन आला की मला हमखास विचारतात, तुमच्याकडे कडकनाथसारखी काळी अंडी देणारी आहे का? कडकनाथचं मांस, हाडं, कातडी काळी. झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण अंडं काळं नसतं, फिकट बदामीच असतं. काळं अंडं देणारी कोंबडीच जगात नाही. तसंच गावरान म्हणून चहाच्या पाण्यात रंगवलेली अंडी बाजारात येतात. ओल्या फडक्याने पुसून बघायला घरी जरूर सांगा, मात्र खरं तपकिरी अंडंही थोडा रंग सोडू शकतं, त्यामुळे एवढ्यावरून विक्रेत्याशी भांडू नका.

सुरुवात कशी करायची? पहिल्या वर्षी एकच जात घ्या, आणि ती अमेरॉकाना, काळ्या पिसांची. काळ्या रंगात चांगला वाण मिळणं तुलनेने सोपं आणि पिसांच्या रंगाचा घोळ नाही. निळ्या पिसांची जोडी लावलीत तर चौथा हिस्सा काळी, निम्मी निळी, चौथा हिस्सा ठिपक्यांची, हा हिशेब पहिल्याच वर्षी डोक्याला नको. एनपीआयपी (नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन) ही कोंबड्यांतले पुलोरमसारखे रोग आवरण्यासाठी १९३५ पासून चाललेली अमेरिकेतली सरकारी योजना आहे. तिच्यात नोंद असलेल्याच पाळणाऱ्याकडून घ्या. २०२२ पासून बर्ड फ्लू अमेरिकाभर फिरतोय, तेव्हा दुसऱ्याच्या खुराड्यात घातलेले बूट आपल्या आवारात आणू नका आणि दाण्याजवळ रानपक्षी येऊ देऊ नका.

पोस्टाने उबवणीची अंडी मागवलीत तर निम्म्यांतून पिल्लं निघाली तरी चांगलं म्हणा. वाटेत हिंदकळून आतली हवेची पोकळी सुटते. आल्यावर निमुळतं टोक खाली करून दिवसभर स्थिर ठेवा. यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस, २१ दिवस. पुढे मारान्सची अंडी लावाल तेव्हा दमटपणा थोडा कमी ठेवा. जाड कवचातून पाणी सावकाश उडतं आणि अंड्याचं वजन अठराव्या दिवसापर्यंत साधारण ११ ते १३ टक्के उतरायला हवं. गडद कवचातून आतलं दिसत नाही, म्हणून वजनावरच भरवसा ठेवा.

आणि तुमच्या त्या ईस्टर एगर काढून टाकू नका. मार्च-एप्रिलमध्ये त्यातली एखादी खुडूक झाली तर तुम्हाला यंत्राची गरजच नाही. तिला दोन-तीन दिवस खोट्या अंड्यांवर बसू द्या, नक्की बसते आहे हे कळलं की अंधार पडल्यावर अस्सल अंडी तिच्याखाली सरकवा आणि खोटी काढून घ्या. तिच्याभोवती जाळी लावा, नाहीतर बाकीच्या त्याच घरट्यात घालून ठेवतील आणि तुमची खुणेची अंडी मिसळतील.